आठ स्पीकर आणि एक नवरा

दातवाल्या मावशींनी विद्यापीठात नाव घातलं तेव्हा गल्लीतल्या निम्म्या लोकांना वाटलं, मुलीचं घातलं असणार. उरलेल्या निम्म्यांना वाटलं, मावशींच्या डोक्यावर परिणाम झाला. मुलगी तर केव्हाच शिकून, नोकरीला लागून, परगावी संसार थाटून बसली होती. म्हणजे दुसरीच शक्यता खरी, असं ठरवून लोक आपापल्या कामाला लागले.

मावशी काही दातांच्या डॉक्टर नव्हत्या. डॉक्टर पेशंटच्या तोंडात वाकून माप घ्यायचे आणि पुढचं सगळं मावशींकडे पाठवायचे. मावशी कवळ्या करायच्या. एका अरुंद खोलीत, खिडकीला लावलेल्या टेबलाशी बसून, गुलाबी मेणात एकेक दात रोवत त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली होती. गावातले कितीतरी प्रतिष्ठित लोक मावशींच्या दातांनी हसत होते. पुढे डोळे दमायला लागले, दात यंत्रावर कापून मिळायला लागले, आणि मावशींनी खोली बंद करून टाकली.

पण घरी बसणं म्हणजे काकांच्या आवाजात बसणं. काका, म्हणजे मावशींचे यजमान, निवृत्त पीटी मास्तर. मैदानाच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाच्या पोराला ‘गुडघा वर!’ असं सांगण्यात त्यांचा जन्म गेलेला. घरातही ते त्याच पट्टीत बोलत. बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक भिंत आणि एक पडदा, पण काकांच्या लेखी ते मैदानच.

“अगं, माझा चष्मा कुठे ठेवलास?”

“कपाळावर बघा!”

“अगं, चहा झाला का?”

“तुम्ही दूध आणलंत का?”

असा दिवस जायचा. वाईट जायचा असं नाही, पण मावशींच्या मनात एक जुनी हौस होती. कवळ्या करताना त्यांना नेहमी वाटायचं, की माणूस झोपल्यावर ग्लासातली ही कवळी हळूच उतरून फिरायला गेली तर? कुठे कुठे जाईल? काय काय चावून बघेल? याचं एक कार्टून करावं, हलतं, बोलतं, असं त्यांच्या फार मनात होतं. तेवढ्यात पेपरात जाहिरात आली: समकालीन कला आणि डिजिटल तंत्रज्ञान, पदव्युत्तर अभ्यासक्रम, वयाची अट नाही. ‘डिजिटल’ आहे म्हणजे कॉम्प्युटर असणार आणि ‘कला’ आहे म्हणजे चित्रं असणार, असा साधा विचार करून मावशींनी अर्ज केला.

मुलाखतीला त्या नमुन्यांची पेटी घेऊन गेल्या. समोर तिघं बसलेले. मधले विभागप्रमुख. ते प्रत्येक शब्दानंतर थांबत, इतके थांबत की समोरच्याला वाटावं आता बोलणं संपलं, आणि तो उठायला लागला की पुढचा शब्द येई. पोरं त्यांना स्वल्पविराम सर म्हणत. मावशींनी पेटी उघडून टेबलावर मेणाच्या कवळ्या ओळीने मांडल्या.

सर बराच वेळ बघत राहिले. “हे, मुखाचं, राजकारण, आहे.”

“दात आहेत, सर,” मावशी म्हणाल्या.

सरांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. तिघांनीही माना डोलावल्या. “बघा, किती, थेट,” सर म्हणाले, आणि मावशींना प्रवेश मिळाला.

पहिल्या दिवशी मावशी नवी वही, दोन पेनं आणि पाण्याची बाटली घेऊन पहिल्या बाकावर बसल्या. सर आले, खिडकीबाहेर बघत उभे राहिले आणि म्हणाले, “इथे, तुम्ही, काही, शिकणार, नाही. इथे, तुम्ही, विसरणार, आहात.”

मावशींनी पेनाला टोपण लावलं. विसरणं त्यांना या वयात आपोआपच जमायला लागलं होतं, त्यासाठी रोज दोन बस बदलून यायचं कारण त्यांना कळेना. त्यांनी हात वर केला. “सर, कॉम्प्युटर कधी चालू करायचे?”

लॅबमध्ये नवेकोरे कॉम्प्युटर होते. सगळ्यांवर प्लॅस्टिकची आवरणं. सर हसले. “तंत्रज्ञान, म्हणजे, यंत्र, नव्हे. ती, एक, वृत्ती, आहे.”

खरी गोष्ट वेगळी होती. त्या यंत्रांचा पासवर्ड आधीच्या विभागप्रमुखांपाशी होता आणि त्यांचं नि स्वल्पविराम सरांचं बोलणं बंद होतं. ही बातमी मावशींना ड्रोनने दिली. ड्रोन म्हणजे वर्गातला एक उंच मुलगा. त्याच्याकडे स्वतःचा ड्रोन होता आणि त्याबद्दल बोलायला निमित्त लागत नसे. त्याची मैत्रीण केबल. तिच्या गळ्यात कायम कुठली ना कुठली वायर अडकवलेली असायची, आणि एका हातात माईक.

हीच दोघं पहिल्यांदा मावशींकडे आली. मोठ्या अदबीने. ड्रोन म्हणाला, “मावशी, तुम्ही अंगणातून चालत जाल का? मी वरून घेतो. मला तुमच्याकडे माणूस म्हणून नाही बघायचं, भूभाग म्हणून बघायचंय.”

मावशी चालल्या. मग केबल म्हणाली, “मावशी, जिना चढा ना. तुमच्या गुडघ्याचा आवाज हवाय. फार प्रामाणिक गुडघा आहे तुमचा.”

मावशी जिनाही चढल्या. ही गोष्ट वर्गभर झाली आणि बाकीच्यांनाही सुचलं. वर्गातले सगळे विशी-पंचविशीतले, सगळ्यांचे गुडघे मुके. वय, श्रम, काळ, शरीर असल्या विषयांवर काम करायचं तर साहित्य कुठून आणणार? ते तर पहिल्या बाकावर वही घेऊन बसलं होतं. कुणी मावशींचे हात काढले, कुणी त्यांचा चेहरा यंत्राने मोजून पडद्यावर फिरवला, एकाने त्यांची जांभई अर्ध्या तासाची करून दाखवली. सहामाही प्रदर्शनात शिरलं की चहूकडे मावशीच मावशी. फक्त मावशींचं काम तेवढं नव्हतं, कारण त्यांना वेळच झाला नव्हता.

सुरुवातीला मावशी सुखावल्या होत्या. आपल्या हातांकडे इतक्या निरखून आजवर कुणी पाहिलं नव्हतं, डॉक्टरांनी तर नाहीच. पण स्वतःची पाटी कोरी पाहून त्यांनी पदर खोचला. ड्रोनला बाजूला घेऊन म्हणाल्या, “हे बघ बाळा, यापुढे फुकट भूभाग मिळणार नाही. मी एकदा चालणार, तू एकदा शिकवणार. तुला कार्टून करता येतं ना?”

ड्रोन दचकला. त्याने मागे वळून बघितलं. “कुणी सांगितलं?”

“तुझ्या लॅपटॉपवर ससा बघितला मी. छान उड्या मारत होता.”

“मावशी, हात जोडतो, वर्गात बोलू नका. मला चित्र काढता येतं हे सरांना कळलं तर माझं वर्ष जाईल.”

मग दोघं कँटीनच्या मागच्या बाजूला, सायकली लावायच्या छपराखाली बसायला लागली. ड्रोन शिकवायला लागला की त्याचं ते जडजंबाल बोलणं गळून पडायचं, आणि तो अगदी साध्या मराठीत सांगायचा की पाऊल टाकण्याआधी अंग जरा मागे झुकतं, ते दाखवलं नाही तर चाल खोटी वाटते. मावशींना दातांची चाल ठाऊक. कवळी उघडताना खालचा जबडा कसा येतो, हे त्यांनी त्याला दाखवलं. दोघांचं चांगलं जमलं.

कार्टून तयार झालं. अगदी छोटंसं. कवळी ग्लासाच्या काठावर येते, खाली वाकून बघते, धप्पकन उडी मारते, दाराखालून बाहेर पडते. रस्त्यावर एक दगड चावून बघते, एक चप्पल चावून बघते, एका झोपलेल्या कुत्र्याच्या शेपटीपाशी जाते आणि विचार बदलते. घरी काकांना दाखवलं तर काका खोकला लागेपर्यंत हसले. “पुन्हा लाव,” म्हणाले. मग, “पुन्हा लाव.” शेजारच्यांना हाक मारून बोलावलं, तीही थेट गॅलरीतून, मैदानी आवाजात.

विभागातही सगळे हसले. वर्ग हसला, दाराशी उभा असलेला शिपाई हसला. एवढंच काय, अंधारात स्वल्पविराम सरांचे खांदेसुद्धा हलले. दिवे लागले तेव्हा मात्र ते गंभीर होते.

“हे,” सर म्हणाले, “समजतंय.”

“हो ना?” मावशी खूश झाल्या.

“तीच, अडचण, आहे.”

मावशींना वाटलं पुढे आणखी शब्द येईल. त्या वाट बघत राहिल्या. पण या वेळी खरंच वाक्य संपलं होतं. मग सरांनी समजावून सांगितलं, की बघणारा हसला, म्हणजे मोकळा झाला. तो मोकळा झाला, म्हणजे घरी गेला. आणि तो घरी गेला, तर कलेचं काय राहिलं? त्याला अडकवायला हवं. काम नामंजूर. नव्याने करा.

त्या दिवशी मावशी बसमध्ये बसायला जागा असूनही उभ्याच राहिल्या. घरी आल्या, चपला काढल्या, स्वयंपाकघरात जाऊन स्टुलावर बसल्या. पलीकडून आवाज आला, “अगं, आलीस का?”

मावशींनी उत्तर दिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा, निव्वळ अंगात त्राण नव्हतं म्हणून.

“अगं, किल्ली कुठे ठेवलीस? ... रिमोट बघितलास का? ... चहा झाला का? ... अगं, ऐकतेस का?”

मावशी ऐकत होत्या. उत्तर द्यायचं नसलं की प्रश्न किती वेगळे ऐकू येतात, हे त्यांना नवीनच होतं. एकामागून एक ते पडद्यावरून यायचे, भांड्यांच्या रॅकवर आपटायचे आणि विरून जायचे. आणि मावशींच्या मनात कोणीतरी म्हणालं, “हे, काम, आहे.” त्या दचकल्या. आवाज सरांचा होता, पण तोंड त्यांचं स्वतःचं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी केबलला घरी आणलं. काकांना लपवाछपवी न करता सांगितलं, “अहो, तुमचं बोलणं माझ्या अभ्यासाला लागतंय. रेकॉर्ड करू का?”

“कर की. त्यात विचारायचं काय?” काका म्हणाले. केबलने डब्यांच्या मागे एक, पुस्तकांच्या कपाटावर एक, असे माईक लावले.

पहिले दोन दिवस वाया गेले, कारण काका भाषण केल्यासारखे बोलायला लागले. “सौभाग्यवती, चहाची काही व्यवस्था आहे काय?” असं विचारून ते डब्यांकडे बघत. नंतर माईक लावलेत हेच विसरले आणि गाडी रुळावर आली.

जमलेलं रेकॉर्डिंग मावशींनी सरांना ऐकवलं. काकांचा प्रश्न, मावशींचं उत्तर, काकांचा प्रश्न, मावशींचं उत्तर. सरांनी डोळे मिटले. “उत्तर, आलं, की, प्रश्न, मरतो. उत्तरं, कापा.”

मावशी उत्तरं कापायला बसल्या. कानांवर हेडफोन, समोर ड्रोनचा जुना लॅपटॉप. आवाज पडद्यावर डोंगरासारखा दिसायचा: मोठा डोंगर काकांचा, त्याला चिकटून बारकी टेकडी मावशींची. टेकडी धरायची, उडवायची. ‘टीव्हीवर आहे’ गेलं. ‘आले हो’ गेलं. ‘तुमच्याच खिशात’ गेलं. कापता कापता त्यांच्या लक्षात आलं, की काकांचा प्रश्न पुरा व्हायच्या आतच त्यांचं उत्तर सुरू झालेलं असायचं. कितीदा तरी काकांच्या डोंगराचा शेवटचा उतार त्यांच्या टेकडीबरोबरच कापावा लागत होता. आपण एवढ्या तत्पर आहोत हे त्यांना माहीत नव्हतं. त्याचं कौतुक वाटावं की राग यावा, हेही त्यांना ठरवता येईना. शेवटी काम संपलं तेव्हा घरातल्या त्या सगळ्या बोलण्यात मावशी कुठे औषधालासुद्धा उरल्या नव्हत्या.

सर प्रसन्न झाले. नावही त्यांनीच दिलं: ‘प्रतिसादशून्य’.

अंतिम प्रदर्शनात मावशींना एक अख्खी अंधारी खोली मिळाली. गोलाकार आठ स्पीकर, मधोमध काही नाही. लोक आत जायचे आणि डोळे पुसत बाहेर यायचे. एक तरुण मुलगी भिंतीला टेकून रडली. एका पाहुण्या प्राध्यापकांनी मावशींचा हात हातात घेतला आणि नुसतंच “तुम्ही सोसलंत” असं म्हटलं. मावशी म्हणाल्या, “नाही हो, तसं काही नाही,” आणि हे उत्तर ऐकून प्राध्यापकांना आणखीच गहिवरून आलं.

शनिवारी काका आले. दाढी घोटून, इस्त्रीचा शर्ट घालून. सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना त्यांनी सांगून टाकलं होतं, की बायकोने आपल्यावर काहीतरी केलंय. त्यांना वाटत होतं, कार्टून असणार.

ते आत शिरले. अंधारात डावीकडून त्यांचाच आवाज आला, “अगं, चष्मा कुठे ठेवलास?” उजवीकडून, “चहा झाला का?” पाठीमागून, “अगं, ऐकतेस का?” काकांनी सवयीने कपाळ चाचपलं. शेजारी कुणीतरी पुटपुटलं, “काय भयंकर माणूस आहे.”

“हो ना,” काका म्हणाले. मग त्यांना उमगलं.

ते बाहेर आले. मावशी दाराशीच होत्या. काका आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलले, म्हणजे साधारण बाकीची माणसं बोलतात तेवढ्या आवाजात. “अगं, मी एकटाच बोलतोय यात. तुझं कुठे गेलं?”

“कापलं.”

“का?”

“सर म्हणाले, उत्तर असलं की कला होत नाही.”

“पण तू तर देतेस उत्तरं. दर वेळी देतेस.” काकांचा चेहरा पडला होता. “हे ऐकून असं वाटतं, की घरात कुणीच नाही आणि मी आपला वेड्यासारखा भिंतीला विचारतोय.”

सरांनी शिकवलेले सगळे शब्द मावशींनी आठवून पाहिले. नवऱ्याशी बोलताना कामाला येईल असा त्यात एकही नव्हता. त्या काही म्हणणार, तोवर काका वळून पुन्हा आत गेले होते.

आतून आवाज आला, “अगं, चष्मा कुठे ठेवलास?”

आणि अंधारात काका बारीक आवाजात म्हणाले, “कपाळावर बघा.”

कुणीतरी फिसकन हसलं.

“चहा झाला का?”

“तुम्ही दूध आणलंत का?”

“किल्ली कुठे आहे?”

“दाराला. कालपासून दारालाच आहे.”

“अगं, ऐकतेस का?”

“ऐकतेय, सगळी गल्ली ऐकतेय!”

आता खोली हसायला लागली होती. बाहेरचे आत घुसले. काका मधोमध उभे राहून आठही स्पीकरांना पुरून उरत होते. एकही उत्तर चुकत नव्हतं. जे मावशींनी कापून टाकलं होतं ते सगळं, अगदी ‘आणि पंखा बंद करा’ या शेपटासकट, त्यांना तोंडपाठ होतं. गलका ऐकून स्वल्पविराम सर धावत आले. “हे, काय,” असं त्यांनी सुरू केलं, पण तेवढ्यात त्यांना दिसलं, की बाहेरगावाहून आलेल्या परीक्षक बाई भिंतीशी उभ्या राहून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसतायत आणि मधे मधे भराभर टिपणं काढतायत. सरांनी एक श्वास घेतला आणि त्याच वाक्याला वळण दिलं. “हे, काय, तर, कामाचा, उत्तरार्ध, आहे.”

दाराशी उभ्या मावशींना आधी वाटलं, यांनी सगळं ऐकलं होतं म्हणजे. मग वाटलं, माझा आवाज काही इतका किनरा नाही. आणि मग टाळ्या वाजल्या. कुणीतरी काकांबरोबर फोटो काढला, आणि केबल तर काकांच्या पाया पडायची तेवढी राहिली.

मावशींना पहिला वर्ग मिळाला. पण घरी आल्यावर दोन दिवस त्या काकांशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी फुटल्या. “दोन वर्षं मी घासली आणि टाळ्या तुम्हाला!”

“मी कुठे मागितल्या?”

“घेतल्यात तर खऱ्या!”

काका उगाच पेपर झटकत बसले.

त्यात भर म्हणून परीक्षक बाईंच्या ओळखीने एका मोठ्या शहरातल्या कलासंग्रहालयाचं बोलावणं आलं. आठ स्पीकरांसकट काम तिथे लावायचं, आणि उद्घाटनाला काकांनी यायचं. मावशींचंही स्वागत आहे, असं खाली लिहिलं होतं. मावशी म्हणाल्या, “तुम्हीच जा.” काका म्हणाले, “तू नसलीस तर मी तिथे बोलू काय?” शेवटी दोघं गेली. काकांनी त्यासाठी नवे काळे बूट घेतले.

संग्रहालयाच्या दाराशी गळ्यात अडकवायला पट्ट्या दिल्या. काकांच्या पट्टीवर लिहिलं होतं ‘कलाकार’. मावशींच्या पट्टीवर ‘सोबत’.

मावशींनी ती पट्टी वाचली आणि काही न बोलता गळ्यात घातली. हे न बोलणं काका ओळखून होते. ते तडक संचालिका बाईंकडे गेले आणि मैदानी आवाजात म्हणाले, “अहो बाई, तुमची काहीतरी चूक होतेय. मी कलाकार नाही. मी हिचा नवरा आहे. काम हिचं आहे.”

संचालिका बाईंनी छातीवर हात ठेवला. “काय वाक्य आहे!” त्या पुटपुटल्या, आणि मदतनिसाला हाक मारून त्याच्या कानात काही बोलल्या.

जेवण करून दोघं परत आली तोवर खोलीबाहेरच्या पांढऱ्या भिंतीवर पुरुषभर उंचीच्या अक्षरांत रंगवून झालं होतं: ‘मी कलाकार नाही. मी हिचा नवरा आहे.’ आणि खाली, बारीक अक्षरांत, कलाकाराचं नाव म्हणून काकांचं नाव.

काका कानापर्यंत लाल झाले. “अगं, मी तर... मी त्यांना समजावून सांगायला गेलो होतो गं...”

मावशींनी भिंतीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि त्यांना हसू फुटलं. आधी नाकातून, मग तोंडावर हात ठेवून, मग हात काढून. दोन महिन्यांचा राग त्या हसण्याबरोबर वाहून गेला. इथे काही सांगायला जाण्यात अर्थच नव्हता. जे तोंडातून निघेल ते हे लोक भिंतीवर लावणार.

संध्याकाळी पाहुणे जमायला लागले, तेव्हा काका एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. “काय झालं?” मावशींनी विचारलं.

“बूट चावतोय.”

“मग चला.”

“कुठे? उद्घाटन आहे.”

“त्यांचं आहे. चला.”

मागच्या दाराने दोघं बाहेर पडली. रस्ता ओलांडून एक छोटी बाग होती, तिथल्या बाकावर बसली. काकांनी बूट काढून पायाची बोटं हलवली आणि सुस्कारा सोडला. कोपऱ्यावर भाजलेले शेंगदाणे मिळत होते. मावशींनी पुडी आणली.

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “तुम्हाला माझी उत्तरं इतकी पाठ होती, तर विचारत का होतात?”

काका शेंगदाणे चावत विचार करत राहिले. “तू घरात आहेस का ते कळायचं.”

“ते सरळ विचारता येत नव्हतं?”

“ते काय विचारायचं असतं?” काका संकोचून म्हणाले, आणि पुडीतला शेवटचा दाणा मावशींसाठी ठेवून मोजे झटकायला लागले.

अंधार पडेपर्यंत दोघं तिथेच बसली. आत टाळ्या वाजल्या, त्याही ऐकू आल्या. कशाला वाजल्या कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीचा फोन आला. ती पेपर हातात घेऊनच बोलत होती. “आई, अगं केवढं छापून आलंय! ऐक. ‘ऐन उद्घाटनाला दोघांनीही गैरहजर राहून त्यांनी संसाराच्या पोकळीचं जे धाडसी दर्शन घडवलं, त्याने सभागृह सुन्न झालं. कुणीच येत नाही, कुणीच बोलत नाही, तरी प्रेक्षक तासभर हलला नाही.’ आई, कसलं जबरदस्त सुचलं तुला! पण होता कुठे तुम्ही?”

“समोरच्या बागेत. बाबांचा बूट चावत होता.”

मुलगी घाईघाईने म्हणाली, “आई, हे प्लीज कुणाला सांगू नकोस.”

“सांगितलं की. संचालिका बाईंनी विचारलं, मी खरं ते सांगितलं.”

“मग? काय म्हणाल्या?”

“खोलीत एक बाक मागवलाय त्यांनी. आणि बाबांचे बूट मागून घेतले, बाकाखाली ठेवायला.”

“आणि तुम्ही दिलेत?”

“देऊन टाकले,” मावशी म्हणाल्या. “बाबा म्हणाले, कलाकार म्हणून बुटांचंच नाव लावा.”